पंचमीच्या दिवशी खणलेला खड्डा

सर, शाळेची स्मरणिका निघते आहे आणि मुलींच्या फुटबॉल संघाचा इतिहास लिहून द्या, असं पत्र मला आलं. इतिहास हा शब्द पत्रातलाच. दीड वर्ष टिकलेल्या आणि एकच सामना खेळलेल्या संघाला इतिहास असतो का, हे साताऱ्यातल्या या घरात बसून मी आठवडाभर स्वतःला विचारत होते. आज सकाळी लेख पोस्टात टाकला. घरी आल्यावर वही उघडली, आणि रोजनिशीऐवजी तुम्हाला लिहायला लागले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापासून काही लपवण्यात अर्थ नाही, आणि तरी हात अडखळतो आहे.

आम्ही तेव्हा आठवीत होतो. मुलांना कुस्ती होती, कबड्डी होती. आम्हाला पंधरा ऑगस्टला लेझीम. तुम्ही लष्करातून निवृत्त होऊन वडूजकडून, मेंढरांच्या मुलखातून, आमच्या शाळेत आला होता. गाव तुम्हाला 'मेंढक्या मास्तर' म्हणायचं, तुमच्या पाठीमागे, आणि कधीकधी तुम्हाला ऐकू जाईल इतपत मोठ्यानंही. एक दिवस तुम्ही वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन वर्गात आलात, नकाशा टांगलात आणि छडी टेकवून म्हणालात, "ह्ये तुर्कस्तान. हितल्या पोरींनी फुटबॉलचा क्लब काढलाय. त्यांच्यासंगं खेळायला दुसऱ्या पोरीच न्हाईत, म्हणून बापयगड्यांबरुबर खेळत्यात." मागच्या बाकावरून माझी मैत्रीण, जी पुढे आमची गोलकीपर झाली, तिनं विचारलं, "सर, आन् घरी काय सांगून येत्यात?" तुम्ही कात्रण उलटंपालटं केलंत. "त्ये ह्यात छापल्यालं न्हाई," म्हणालात. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तुम्ही पलटणीतला जुना चामडी चेंडू आणलात, चार ठिकाणी शिवलेला, आणि शाळेमागच्या गायरानात नऊ मुली उभ्या राहिल्या. अकरा कधी झाल्याच नाहीत.

मी कॅप्टन होते, का ते मला अजून माहीत नाही. मी सगळ्यांत चांगली खेळत नव्हते. तुम्ही मला सगळ्यांत जास्त बोललात हे खरं. मी पायाच्या बोटांनी चेंडू मारायची आणि तो भलतीकडे जायचा. "आंगठा मोडंल आन् चेंडू चुलत्याच्या घरी जाईल," असं तुम्ही म्हणायचा. "पायाच्या आतल्या अंगानं मार. चेंडूला सांगायचं कुटं जायाचं, हाणायचं न्हाई." माझी आई मला घरी विचारायची, "आज काय सांगितलं चेंडूला?" तिला तो खेळ कधी कळला नाही, पण तिनं कधी अडवलंही नाही. एवढंच म्हणायची की अंधार पडायच्या आत चुलीपाशी दिस.

दीड वर्षानं, आम्ही दहावीत असताना, सामना पंचमीला ठेवायचा, ही कल्पना तुमची. शिराळा आमच्या गावापासून दोन कोसांवर. नागपंचमीला गावातले झाडून सगळे पुरुष नागांची मिरवणूक बघायला तिकडे जातात आणि बायका गावात झिम्मा, फुगडी, फेर धरतात. लग्न झालेल्या मुली माहेरी आलेल्या असतात. वर्षातला तो एकच दिवस असा की कुठल्याही वयाच्या बाईनं मैदानात उड्या मारल्या तरी कुणी काही बोलत नाही. "गडीमाणसं शिराळ्याला," तुम्ही म्हणालात. "गाव तुमचं. खेळा." आमच्यासमोरही दुसरा संघ नव्हता, म्हणून माहेरवाशिणींचा संघ करायचं ठरलं. आदल्या दिवशी तुम्ही स्वतः पहार घेऊन चार खड्डे खणलेत आणि बांबूचे गोल उभे केलेत. आदल्याच दिवशी का, ते तुम्ही सांगितलं नाहीत; सांगायची गरज नव्हती. पंचमीला जमीन खणायची नाही, नांगरायची नाही, घरात चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. नागाला इजा होते. आमच्याकडे हे दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

पंचमीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी गायरानात जाते. एक बांबू आडवा पडलेला. कुणाच्या तरी बैलानं अंग घासलं असावं. बांबू बुडापाशी फाटलाय आणि खड्डा चिखलानं भरून गेलाय. मी घरी येते. आई पुरणाची दिंडं उकडायला ठेवते आहे, तिची पाठ माझ्याकडे. दारामागची पहार घेऊन मी परत जाते. मी आजूबाजूला बघते. ओढ्याकडे, शाळेकडे, पुन्हा ओढ्याकडे. कोणी नाही. मग मी जुन्या खड्ड्याशेजारी हातभर खोल खणते, बांबूचा चांगला भाग त्यात रोवते, पायानं माती दाबते. मला तेव्हा ना नाग आठवला, ना श्रद्धा, ना अंधश्रद्धा. मला गोल सरळ हवा होता.

तुम्ही आलात तेव्हा ताजी माती बघितलीत. "कुणी बगितलं?" एवढंच विचारलंत. "न्हाई," मी म्हणाले. तुम्ही त्या मातीवर बूट फिरवलात आणि शिट्टी वाजवलीत.

तो सामना मला आजही मिनिटामिनिटानं आठवतो. माहेरवाशिणींनी नऊवारीचे काचे घट्ट मारले होते. शाळेच्या चेअरमनांची मुलगी, कऱ्हाडला दिलेली, मधे उभी होती. चेंडू तिच्याकडे गेला की बायका ओरडायच्या, "अगं, नणंद समजून मार." ती म्हणाली, "नणंद न्हाई, सासूच समजती," आणि तिनं असा टोला मारला की आमची गोलकीपर चेंडूसकट मागं गेली. आम्ही दोन-एकनं हरलो. तुम्ही शिट्टी तोंडातून काढून हसत होता. तुम्हाला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. दुपारी सगळ्या बायका गोलाभोवतीच फेर धरायला थांबल्या, आणि तिथेच चेअरमनांच्या आईनं खाली बघितलं. "ही माती आजची हाय," त्या म्हणाल्या.

आठव्या दिवशी चेअरमनांचा बैल पान लागून मेला. साप चावला असं गावात कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. श्रावणात दरवर्षी कुणाचं ना कुणाचं जनावर असं जातंच. पण त्या वर्षी सगळ्यांना ती माती आठवली. शाळेत सभा बसली, आम्हा नऊ मुलींना भिंतीशी उभं केलं. चेअरमन म्हणाले, "खांदलं कुणी, एवढं सांगा. बाकी काय न्हाई." माझ्या शेजारी गोलकीपर होती, तिला माहीत नव्हतं. मला होतं. माझं तोंड उघडलं होतं, सर, हे मी शपथेवर सांगते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि उभे राहिलात. "मी खांदलं. ध्यान राह्यलं न्हाई." चेअरमन म्हणाले, "तुमच्या मेंढरांच्या मुलखात पंचमी नसती का?" तुम्ही म्हणालात, "असती. चुकलं माझं." चेंडू कपाटात गेला. तुम्ही आणखी दोन वर्षं कवायत शिकवलीत, आणि गावानं तुमच्या हातचं पाणी टाळावं तसं तुम्हाला टाळलं.

तुमच्या त्या पाहण्याचा अर्थ मी 'गप्प राहा' असा लावला. इतकी वर्षं तोच लावत आले. चाळिशी ओलांडल्यावर मात्र वाटायला लागलं की तसं पाहणारा माणूस थांबलेलाही असू शकतो. तुम्ही उठायच्या आधी किती वेळ गेला, हे मी पुन्हा पुन्हा मोजते. एक श्वास? दोन? तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. कदाचित तुम्ही तेवढाच वेळ मला दिला होता.

आईला कळलं होतं. चिखलाची पहार तिनं धुऊन जागेवर ठेवली होती. सभेनंतर ती एवढंच म्हणाली, "त्या मास्तरास्नी एकदा जेवायला बोलीव." मी बोलावलं नाही. पुढे मी सांगलीला कॉलेजात असताना एसटी स्टँडवर तुम्ही भेटलात, हातात कापडी पिशवी, केस पिकलेले. मी म्हणाले, "सर, तो खड्डा," आणि तुम्ही म्हणालात, "आवं, गाडी लागली तुमची, पळा." मी कॉलेजात गेले म्हणून तुम्ही मला 'तुमी' म्हणालात. त्यानं मला जास्त लागलं. आणि मी पळाले. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती.

तुर्कस्तानातल्या त्या मुलींचं पुढे काय झालं, हे मध्यंतरी एका मासिकात वाचलं. त्या टिकल्या. वर्षानुवर्षं पुरुषांशी खेळत राहिल्या आणि हळूहळू दुसऱ्या मुलींचे संघ निघाले. त्यांनाही कुणीतरी अडवलं असेलच. त्यांच्यातल्या एखादीनं तोंड उघडलं असेल, असं मला वाटत राहतं. पण हे मी माझ्याच मनानं धरते आहे, मासिकात तसं काही नव्हतं.

आता लेखाबद्दल. मी त्यात लिहिलं आहे की खड्डा सरांनी नाही, मी खणला होता. ते लिहून झाल्यावर मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यात मी पुढचं वाक्य लिहिलं: 'मी लहान होते, पंचमीला जमीन खणू नये हे मला ठाऊक नव्हतं.' हे खोटं आहे. खणायच्या आधी मी ओढ्याकडे पाहिलं होतं, कुणी बघत नाही ना म्हणून. स्मरणिका छापायला अजून पंधरवडा आहे. संपादकांचा नंबर माझ्यापुढे आहे आणि फोन करून ते एक वाक्य काढायला सांगता येईल. दुपारपासून मी दोनदा रिसीव्हर उचलला आणि ठेवला. मग तुम्हाला लिहायला बसले, कारण फोन केलास का, हे तुम्ही विचारणार नाही.