आधी नमुना, मग जेवण

ती. ताईस,

एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात पेन अशा अवस्थेतल्या धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना अजून मधल्या पायरीवर थांबून भावजींना नावं ठेवतेस का? (ठेवत जा, दम खायला निमित्त मिळतं.) आमच्याकडे हिचं मनगट जुळलं, प्लास्टर निघालं, हात तेवढा अजून गळ्यातल्या झोळीत आहे. आणि गेले सात आठवडे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. चष्मा पुसून हे वाक्य परत वाच. हो, मीच. दूध उतू जात असताना शेजारी उभा राहून नुसता बघत बसणारा म्हणून तू ज्याला सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध केलंस, तोच.

पहिला आठवडा ब्रेड आणि ऑम्लेटवर काढला. मग ही म्हणाली की टीव्हीवर अकरा वाजता एक जाड्या आचारी येतो, तो तरी बघा. बघितला. त्यानं टोमॅटो कोरले, आत बटाटा भरला, ट्रे ओव्हनमध्ये ठेवून दार लावलं आणि लगेच टेबलाखालून तस्साच दुसरा ट्रे काढला, खरपूस भाजलेला. ही म्हणाली, वेळ वाचवायला आधीच करून ठेवतात ते. ताई, कारखान्याच्या तपासणी खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला असं काहीबाही सांगून चालत नाही. आमच्याकडे पहिला नग तयार होऊन त्यावर मंजुरीची सही पडल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. हा आचारी आधी नमुना करून मंजूर करून घेतो, मगच कामाला लागतो. म्हणजे माणूस आपल्यातलाच निघाला. त्या क्षणी मला स्वयंपाक कळला.

तेव्हापासून या घरात प्रत्येक पदार्थ दोनदा होतो. आज नमुना, उद्या तोच पदार्थ रीतसर. नमुना हिच्यापुढे ठेवायचा, हिनं चव घ्यायची आणि पुठ्ठ्याच्या लेबलावर डाव्या हातानं शेरा मारायचा: मंजूर, दुरुस्तीसह मंजूर किंवा नामंजूर. (कारण लिहिणं सक्तीचं आहे. 'नको' हे कारण मी धरत नाही.) बटाट्याच्या चकत्या चार मिलिमीटरच्या, अर्धा इकडेतिकडे, आणि मोजायला माझा जुना व्हर्निअर आहेच. आचाऱ्याकडे प्रत्येक जिन्नस वेगळ्या काचेच्या वाटीत असतो. आपल्याकडे तेवढ्या वाट्या कुठल्या, म्हणून औषधाची झाकणं, साबणाची डबी, हिच्या कानातल्यांचा डबा असं सगळं कामाला लावलं. मिरपुडीत एक डूल निघाला, तोही तपासणीतच सापडला हे लक्षात घे. लेक जावयाला घेऊन दोन दिवस राहून गेली. दोन्ही दिवस तेच भरलेले टोमॅटो असूनही जावयांनी दोन्ही दिवस मागून घेतले, फार गुणी आहेत.

चुका झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही. जाहिराती लागल्या की मीही ओव्हन बंद करायचो, कारण पलीकडे आचारीही थांबलेला असणार. अशा चार जाहिरातींनंतर केक जो बसला तो उठलाच नाही. (शेरा: नामंजूर. कारण: दात.) शिवाय आचारी करताना बोलतो, म्हणून मीही खिडकीकडे तोंड करून बोलतो. समोर दातांचा दवाखाना आहे. माझा कांदा परतून होईपर्यंत तिथले पेशंट आ वासून ऐकतात, आणि डॉक्टरीणबाईंनी परवा चौकशी केली की उद्याचा पदार्थ कोणता.

आता मुख्य गोष्ट. मागच्या गुरुवारी भोपळ्याच्या सूपला हिनं 'मंजूर' लिहिलं. दुरुस्ती नाही, काही नाही. आणि वर वाटी पुढे केली, अजून वाढा म्हणून. कारखान्यात मला दोनदा बक्षीस मिळालं, पण ओट्यापासून टेबलापर्यंत त्या दिवशी जितका ताठ चाललो तितका तेव्हाही चाललो नव्हतो. मी खूश आहे, ताई. हे सांगायला कुणीतरी हवं होतं.

तुझा,
धाकटा

ता. क. सोमवारी डॉक्टर झोळी काढणार. ही मंगळवारी ओट्याशी उभी राहील आणि मी परत खुर्चीत पेपर घेऊन. मला ते नको आहे. तुझा शब्द ती मोडत नाही. तेव्हा तिला लिही की मनगटाचं दुखणं वाईट, तीन महिने तरी झोळी काढू नये. मी सांगितलं हे लिहू नकोस.

आणखी ता. क. सूप गॅसवर आहे, म्हणून पत्र टाकायला हिलाच पाठवतोय. पाकीट नीट चिकटवलं आहे.

वन्सं, सा. न. वि. वि. हे खिडकीकडे तोंड करून बोलत होते तेवढ्यात पाकीट ह्यांच्या सूपच्या वाफेवर अलगद सुटलं, राग मानू नका. डॉक्टरांनी झोळी पंधरा दिवसांपूर्वीच काढायला सांगितली. मी एकटीच गेले होते, ह्यांना बोलले नाही. (हे उजव्या हातानंच लिहितेय, अक्षर ओळखाल.) चौतीस वर्षं मी वाढलं आणि हे पेपर चाळत जेवले. आता रोज समोर उभे राहतात आणि माझा घास गिळून होईपर्यंत श्वास घेत नाहीत. तेव्हा तुम्ही तसं पत्र जरूर पाठवा. फक्त तीनच्या जागी सहा महिने लिहा.