शनीवरचं तेल

देवपूर, धुळे
सोमवार, १३ ऑक्टोबर १९९७

झुंबरवहिनीस मनोरमाचा नमस्कार.

तू पारोळ्याला सुखरूप पोचलीस हे शेजारच्या तानुबाईकडून कळलं. दसऱ्याच्या दिवशी, पाहुणे चहा पीत असताना, पिशवी उचलून चालू लागणाऱ्या माणसाची खुशाली शेजारणीकडूनच कळायची. इकडे सगळं ठीक आहे. भाकरीला एक बाई लावली आहे. तिची भाकरी चावायला अर्धा तास लागतो. मी तक्रार करत नाही.

हे पत्र तुला भाईदासभाऊ वाचून दाखवतील. तुझा भाऊ म्हणून त्यांना नमस्कार, आणि वाचणारा म्हणून एक विनंती. भाऊ, जे लिहिलंय तेच वाचा. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लाइन खराब असली की इकडचं बोलणं तिकडे आम्हीच सांगायचो. मधल्या तोंडात निरोप कसा बदलतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

आता मुद्दा. सहा महिने मी ते शनीचं चित्र करत होते. तू चहा आणून ठेवायचीस आणि तो तसाच गार व्हायचा, म्हणजे तुला सांगायला नको. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं म्हणजे बटण दाबलं की चित्र तयार, असं लोकांना वाटतं. तानुबाई तर सगळ्या गल्लीत सांगत फिरते की अक्का म्हातारपणी व्हिडिओ गेम खेळतात. मी चित्र आठपट मोठं करते, तेव्हा एकेक ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा दिसतो, आणि मग एकेक दाणा रंगवत जाते. नुसत्या कड्यांचेच कित्येक हजार दाणे झाले. शनीच्या एखाद्या चंद्रावर, तिथल्या बर्फात उभं राहिलं तर तो कसा दिसेल, ते मी काढत होते. तिथे कोणी गेलेलं नाही, त्यामुळे मला चूक म्हणणारं कोणी नव्हतं. तू सोडून.

आणि त्या मशीनवर तू तेल ओतलंस. हळदकुंकू, झेंडूचं फूल, इथवर मी समजू शकते. दसऱ्याला आमच्या एक्स्चेंजमध्येही बोर्डाला हार घालायचे. पण दसरा नेमका शनिवारी आला म्हणून पळीभर तेल? वर पाहुण्यांसमोर मलाच विचारतेस, "शनी घरमा बसाडा तुम्ही, मंग त्याले तेल कोन घाली?" तेल डब्यावरून ओघळलं आणि फ्लॉपीच्या फटीत गेलं. आत फ्लॉपी होती. माझा शनी त्या फ्लॉपीत होता.

रागात माझ्या तोंडून दोन शब्द गेले असतील. ते घरोघरी जातात. तेवढ्यासाठी कोणी घर सोडत नाही. दिवाळीच्या आत ये.

मनोरमा पाटील


धुळे
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

झुंबरवहिनी,

भाईदासभाऊंचं कार्ड काल मिळालं. "एका डब्यासाठी आमच्या बहिणीला घराबाहेर काढलेत. तिची परत येण्याची इच्छा नाही. रविवार दि. २६ रोजी टेम्पो घेऊन तिचे सामान नेण्यास येत आहे." अक्षर सुंदर आहे. सोसायटीचे सचिव होतात, भाऊ, ते दिसतं. पण "इच्छा नाही" हे माझ्या वहिनीचं बोलणं नव्हे. ती "मी नही येत" म्हणते, आणि म्हणताना पाठ फिरवते. पस्तीस वर्षं ऐकते आहे मी.

"एका डब्यासाठी" हे शब्द मात्र मी दोनदा वाचले. म्हणजे तू भावाला एवढंच सांगितलंस.

असो.

बातमी अशी की परवा अमेरिकेतून शनीकडे यान सुटलं. पेपरात आलं आहे. पोचायला सात वर्षं लागणार, तेव्हा मी सहासष्टची असेन. ते तिथून फोटो पाठवील आणि माझं चित्र कुठे कुठे चुकलं ते मला एकदाचं कळेल. सात वर्षांनी का होईना, ते पोचणार आहे. तू पस्तीस-छत्तीस किलोमीटरवर पारोळ्यात बसली आहेस आणि तुझा एक शब्द माझ्यापर्यंत पोचत नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा नूर महंमद मशीन बघून गेला. डबा उघडून त्याने आतलं सगळं कापसाने आणि स्पिरिटने पुसलं. बाकी काय निघालं ते लिहिण्यासारखं नाही.

चित्राच्या त्या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे, तुला दाखवली होती, आठवतंय? चूक झाली तर मागे जाता येतं, पण तीनच पावलं. चौथ्याला मशीन ऐकत नाही. ही काय सोय झाली म्हणून मी चिडले होते, आणि तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, "तीन बी गैरा झायात, अक्का." तीन पुष्कळ झाले. तुला पुष्कळच होतात. मला कधी पुरले नाहीत.

सत्तावीस तारखेला, सोमवारी, माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढणार. ठरल्याप्रमाणे. हे तुला बोलावण्यासाठी लिहीत नाही. तानुबाई सोबत राहील म्हणते. तिची बडबड ऐकत पडून राहणं ही शिक्षा मला पुरेशी आहे.

भाऊ, टेम्पो आणायला माझी हरकत नाही. सामान तिचं आहे. पण त्या टेम्पोत ती स्वतः हवी. येत नाही असं तिने माझ्यासमोर, पाठ फिरवून सांगावं.

मनोरमा


धुळे
मंगळवार, २१ ऑक्टोबर

झुंबर,

हे तिसरं पत्र. यानंतर माझ्याकडे मागे जायला पाऊल नाही.

आधी चित्राचं सांगते. ते गेलेलं नाही. मी रोज संध्याकाळी सवयीने जे जपून ठेवायची ते मशीनच्या पोटातच राहत होतं, फ्लॉपीत जात होती ती नुसती नक्कल. मी मात्र सहा महिने समजत होते की शनी फ्लॉपीत राहतो. तुला अडाणी म्हणणाऱ्या बाईची ही अक्कल. नूर महंमदने गेल्या मंगळवारीच मशीन चालू करून दाखवलं. म्हणजे शुक्रवारचं पत्र लिहिलं तेव्हा शनी माझ्यासमोर पडद्यावर होता, जसाच्या तसा. मी ते तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर रागवायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

चित्र बघून नूर महंमद म्हणाला, "बाई, बनाया तो बहोत अच्छा, लेकिन ये नीला कायकू है?"

श्रावणात तू हेच म्हणाली होतीस. मागे उभी राहून, कणकेच्या हातांनी. "अक्का, हाऊ ते बठ्ठा निया शे." हा तर सगळा निळा आहे. आणि मी तुला म्हणाले, ज्याला दारावरची पाटी वाचता येत नाही त्याने मला शनी शिकवू नये. तू कणीक मळायला परत गेलीस. मी सावलीचा जो भाग राखाडी समजून भरत होते तो सगळा निळा होता. तुला ते चटकन दिसलं, मला दिसत नव्हतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडे गेले. तुला सांगितलं, चष्म्याचा नंबर बघायला जाते. मोतीबिंदू तू पकडलास, डॉक्टरने फक्त त्याचं नाव सांगितलं. हे मी तुला आज सांगते आहे.

आणखी एक. दसऱ्याला तानुबाई दारातच उभी होती. तेल घालताना तू काय पुटपुटत होतीस ते तिने ऐकलं, आणि काल मला सांगितलं. "हिना डोया सांभाय रे बाप्पा." हिचा डोळा सांभाळ.

मी फक्त तेलाचा ओघळ पाहिला.

भाईदासभाऊ, आता पुढचं मोठ्याने वाचा. एकही शब्द गाळू नका. भांडण डब्यावरून झालं असं तुम्ही समजता. तिने तुम्हाला खरं सांगितलेलं नाही. का सांगितलं नाही ते तिला विचारू नका, मला कळलं आहे. मी भुसावळच्या ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथे कोणी वाईट वागलं की सिस्टर तिला बाकावर उभं करायच्या, आणि काय केलं ते सगळ्या वर्गासमोर पूर्ण वाक्यात बोलायला लावायच्या. नुसतं सॉरी चालत नसे. तर पूर्ण वाक्य असं. आपट्याची पानं द्यायला आलेल्या सात माणसांसमोर मी माझ्या भावाच्या विधवेला म्हणाले, "शनी मशीनमध्ये नाही, या घरातला शनी तू आहेस. माझ्या दादाला खाल्लंस, आता माझ्या मागे लागलीस."

रागात तोंडून गेलं, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं आहे. मी ते निवडून बोलले, कुठे लागेल ते बघून, जशी एकेक ठिपका भरते तशी. शनीचं अंतर आणि त्याचे चंद्र पाठ असलेली, गल्लीतल्या बायकांच्या साडेसातीला हसणारी मी. आणि तुला मारायला हातात घेतला तो तोच शनी.

दादा गेला तेव्हा त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. मी एक्स्चेंजमध्ये होते. निरोप आला तेव्हा बोर्डावर मीच होते, आणि आधी दुसऱ्या कोणाचा तरी नाशिकचा कॉल जोडून दिला, मग उठले. हे चार वर्षांत मी कोणाला सांगितलेलं नाही. तो गेल्याचा दोष कोणावर तरी टाकायचा होता, आणि तू समोर होतीस.

भाऊ, हे वाचून तुम्ही रविवारची वाट बघणार नाही, उद्याच टेम्पो आणाल. आणा. सामान मी माझ्या हाताने बांधून ठेवलं आहे. ट्रंक, दोन गाद्या, पितळी घागर, पाटा-वरवंटा, दादाचा फोटो. मशीनच्या डब्यावरचं तुझं कुंकू तेवढं बांधता आलं नाही, झुंबर. नूर महंमद पुसायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे.

उत्तर मात्र मला भाऊंच्या अक्षरात नको. तुला लिहिता येत नाही म्हणून आजवर तुझं प्रत्येक हो आणि नाही दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं. सोबत एक कार्ड आणि पेन्सिलीचा तुकडा आहे. पत्ता मी घातला आहे, मागची बाजू कोरी आहे. येणार नसशील तर एक गोल काढ. नुसता. येणार असशील तर त्या गोलाला कडं काढ, माझ्या पडद्यावर बघितलंस तसं, तिरकं. वाकडं आलं तरी चालेल. तुझ्या हातचा गोल मी पस्तीस वर्षं रोज ताटात बघत आले आहे, दुसऱ्या कोणी काढला तर मला लगेच कळेल.

माझ्या डोळ्यासाठी येऊ नकोस. डोळा डॉक्टर बघतील. चित्राला मी हात लावलेला नाही, निळं आहे तसंच ठेवलं आहे. पट्टी निघाल्यावर ते मला खरं कसं दिसेल याची भीती वाटते आहे, आणि तेव्हा शेजारी तानुबाई नको आहे.

सोमवारी सकाळी आठला डोळ्यावर पट्टी बांधतील. त्याआधीचं शेवटचं टपाल शनिवारी येतं, अकराच्या सुमाराला. मी दारातच बसेन. तू जे काढशील ते मी याच डोळ्यांनी बघणार आहे, धुकट दिसलं तरी.

तुझी नणंद,
आणि या घरातला शनी,

मनू