थांबण्याची ओळ

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, संगणक आणि त्याला जोडलेले यंत्र यांच्यात बोलणे घडवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिण्यात हयात घालवलेला, डोके ठिकाणावर असताना व कोणी मागे न लागता हे मृत्युपत्र लिहितो. पत्नी मागे लागली आहे, पण ती रक्तदाबाच्या गोळीसाठी.

१. राहते घर व ठेवी पत्नीला, तिच्यानंतर दोन्ही मुलींना समान. माझे कपाट दोघींनी एकदम उघडू नये. एकीने उघडावे, काम होईपर्यंत किल्ली स्वतःकडे ठेवावी, मग दुसरीला द्यावी. जन्मभर तुमची भांडणे सोडवली, आता मला बोलावू नका.

२. मीटर व तारांना डाग देण्याची हत्यारे थोरल्या जावयाला. धाकट्याने माझा रेडिओ दुरुस्त केला होता, तो तेव्हापासून मुका आहे.

३. भिंतीवरचे घड्याळ व सोबतचे कबुलीचे पत्र माझ्या मृत्यूनंतर कुलूपबाईला द्यावे. ही कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलाशी चौदा वर्षे बसली; कुलूपबाई हे नाव मी ठेवलेले. रुग्णाला औषध देणाऱ्या पंपाचा ड्रायव्हर माझा होता. हजारात एखाद्या वेळी त्यातली दोन कामे एकदम एकाच नोंदीला हात घालत आणि औषध दोनदा जाई. ती म्हणाली, "नोंदीला कुलूप लाव. एकाचं होईपर्यंत दुसरा बाहेर." त्यासाठी निम्मा ड्रायव्हर पुन्हा लिहावा लागला असता. मी एका कामाने दहा मिलिसेकंद थांबण्याची एक ओळ घातली आणि तिला सांगितले, "लावलं." चूक दिसेनाशी झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन वर्षांनी साफसफाईत तिने ती ओळ बिनकामाची समजून काढली. एका रुग्णाला औषध दोनदा गेले. माणूस वाचला, तिची नोकरी गेली. चौकशीत साहेबांनी मला विचारले, "ती ओळ कशासाठी होती?" मी म्हणालो, "आठवत नाही." मला आठवत होते. जाण्याआधी तिने खरे कुलूप लावले. मग पंप कधीच चुकला नाही, म्हणून कंपनीने हे घड्याळ मला दिले. अकरा वर्षे त्याच्याकडे बघताना मला माझी लाज वाटते.

४. वरील कलम पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अहो, म्हणजे इथेही थांबायचीच ओळ घातलीत."

सबब कलम ३ रद्द. घड्याळ व पत्र आज सकाळी मीच नेऊन दिले, पत्राची प्रत कंपनीला पाठवली. कुलूपबाईने पत्र दारात उभ्यानेच वाचले. "आईला दाखवलं असतं. गेल्या वर्षी गेली ती," एवढेच बोलली. माफ केले असे म्हणाली नाही, मीही मागितले नाही. या मृत्युपत्रातून आता तिला काही मिळायचे नाही, म्हणून ती साक्षीदार होऊ शकते. विचारले, तर आली.

पेन मी आधी तिच्यापुढे धरले. तिने ते परत माझ्या हातात दिले. "आधी तू. तुझी झाली की मी."

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च

सही: लिहून ठेवणारा
साक्षीदार १: कुलूपबाई
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर