बुटातला फोन

प्रिय सिक्स्टेन,

आज आणखी एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. "मला विजेचा, फोनच्या लहरींचा त्रास होतो, तसं लिहून द्या," म्हटलं. त्या म्हणाल्या, "डोकं दुखतं हे खरं. पण विजेनेच दुखतं, असं मी लिहिणार नाही." मी म्हटलं, "मग कशाने ते शोधा! वार्मलंडच्या जंगलातून मी काय नाटकं करायला आले?"

आणि त्यांना तुझी गोष्ट सांगून टाकली. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण दाराबाहेर बूट काढतो आणि फोन त्या बुटातच ठेवतो. उन्हाळ्यात आलास तेव्हा "ठेवला गं ताई," म्हणालास. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मी गाढ झोपले. सकाळी कॉफी पिताना तुझा खिसा वाजला. तू उगाच खोकलास, मी दालचिनीचा बन पुढे केला.

दुखण्याचं निदान हवं असेल तर सोयीचं तेवढंच सांगून कसं चालेल? बाई म्हणाल्या, "आता कुठे आपण कामाला लागलो."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचलंस तर ओशाळून यायचा थांबशील. दुखणं कशाने येतं ते बाई शोधतील. कशाने थांबतं याचा मला अंदाज आलाय. त्या रात्री घरात फोन होता, आणि तूही होतास.

तुझी हट्टी ताई,
गुनवोर