काढलेल्या डिस्कमधला आवाज

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज नोकरीचा पहिला दिवस, आणि जागा आवडलीसुद्धा! शहरातल्या सदर भागातलं छोटं ग्रंथालय, खिडकीशी माझं टेबल. छप्पन साली लहानपणी धम्मदीक्षा घेतलेल्या माणसांच्या आठवणी इथे रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत. ती रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर सांभाळायचं काम माझं. ग्रंथपाल मनोहरराव मोजकं बोलतात, पण चहा स्वतः आणून देतात. कामठीहून शेअर ऑटोने पाऊण तास. आई खूश आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार
कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्क करकरत होती. मनोहरराव म्हणाले, काढून टाका, तिच्यातलं सगळं दुसरीकडे उतरवलंय. काढून कपाटात ठेवली. तेव्हापासून बॅकअप अडतोय. ‘ड्राइव्ह सापडली नाही.’ कारण साधं आहे, बॅकअपच्या यादीत त्या डिस्कपुढची खूण तशीच राहिली होती. ती काढली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
खूण परत आलेली. सगळी यादीच पुसून नवी केली. बॅकअप झाला. पण काढलेल्या डिस्कवरून एक फाइल उतरल्याची नोंद आहे. नाव रंभाबाई, तारीख आजची. मनोहररावांना विचारलं. म्हणाले, पहिली मुलाखत त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी वारल्या. मग म्हणाले, ती एक उतरवायची राहून गेली असेल.

९ फेब्रुवारी, सोमवार
फाइल ऐकली. आधी नुसता पंखा. मग म्हातारी बाई, अगदी शांतपणे:
“मले काहून काढलं वं, अपेक्षा?”
माझं नाव. हेडफोन काढून ठेवले. डबा खाल्ला. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

१० फेब्रुवारी
मनोहररावांना ऐकवली. त्यांना फक्त पंखा ऐकू आला. मला म्हणाले, जरा मोठ्यानं बोला. मी रोजच्यासारखीच बोलत होते.

११ फेब्रुवारी
ऑटोवाल्याला दोनदा थांबा म्हटलं. तो पुढेच गेला. घरी आई म्हणाली, “काहून पुटपुटून राहिली वं?” पुटपुटत नव्हते.
आज नवी फाइल. नाव अपेक्षा. चार मिनिटं.

१२ फेब्रुवारी
ऐकली. माझाच आवाज. लहानपणी हातमागाच्या खटखटीत झोप कशी लागायची ते सांगतोय — हे मी कधीच कुणाला — आता फाइल चाळीस मिनिटांची. माझा आवाज आणखी खाली गेलाय. घशात काहीच नाही. दुखतही नाही.

१३ फेब्रुवारी
डिस्क परत जोडली. फिरत नाही. बॅकअप मात्र चालू — रद्द केला, तरी चालू — नव्वद टक्के —
आईचा फोन. अपेक्षा, अपेक्षा म्हणतेय. मी ओठ हलवले. नुसती हवा.
कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून माझा आवाज तिला म्हणाला, “येऊन राहिली ना, माय.”
आई हसली. म्हणाली, आता कसा मोकळा आवाज आला.
बोट कॉम्प्युटरच्या बटणावर आहे. बंद केला, तर तिला पुन्हा उत्तर कोण —