माणिकबाईंचा गुडघा आणि कोरी डबी

बडनेरा, ३ एप्रिल २००६

१. घरमालकीण माणिकबाईंनी फ्रिजमधली माझी एक डबी उघडली.
२. त्यातले जेल गुडघ्याला चोळले. तीन दिवस.
३. आज त्या मांडी घालून हार गुंफत बसल्या. दोन वर्षांत प्रथमच.
४. डबीवरच्या चिठ्ठीवर 'कोरी' लिहिले आहे. तिच्यात औषध नाही.

कॉलेजचा फ्रिज बंद, म्हणून एम.फार्म.च्या माझ्या बारा डब्या त्यांच्या हारांच्या शेवंतीशेजारी. ओळीतल्या पहिल्या सहांत दुखण्यावरचे औषध. ते एरवी कातडीतून जात नाही, म्हणून चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेले. उरलेल्या सहांत त्याच पिशव्या, रिकाम्या — तुलनेसाठी.

मी सांगितले, मावशी, यात काहीच नाही.

"हीना, तुह्या चिठ्ठीले इचारू का मह्या गुडघ्याले?"

५ एप्रिल

'औषध' लिहिलेल्या सहा डब्या बोकडाच्या कानाच्या कातडीवर तपासल्या. (कान देताना खाटीक अब्दुल रहीमचाचांनी पुन्हा विचारले, बेटा, बाकी बकरा कौन ले जाता है?) तीन डब्यांतून औषध व्यवस्थित पार. तीनांतून शून्य. बॅच एकच! थिसिस ३० तारखेला द्यायचा आहे.

६ एप्रिल

हारवाल्या बायका दारात. सगळ्यांना कोरीच हवी. जमुनाबाई म्हणाल्या, औषधवाली नको, बिनऔषधाची दे. एकीलाही दिली नाही.

८ एप्रिल

माझ्या गाइड सरांना गुडघ्याचे सांगितले — चूक केली. सर खुर्चीतून उठलेच. म्हणे रिकामी पिशवी हेच औषध! अकोल्याच्या १६ तारखेच्या सेमिनारला पेपर पाठवलासुद्धा. त्यावर नाव माझेही. पुरावा: एक गुडघा.

कोरी डबी एकदा तपासते म्हटले. कोरीत काय मोजणार, म्हणाले.

१० एप्रिल

मोजले. माणिकबाईंच्या डबीत औषध, भरले होते त्याच्या ९८.६ टक्के.

घरी येऊन विचारले, चिठ्ठ्यांना कोणी हात लावला? सहज म्हणाल्या, मार्चात दिवसभर लाइट गेली, बर्फ वितळला, चिठ्ठ्या पाण्यात पडल्या. त्यांनी वाळवून परत चिकटवल्या. त्यांना वाचता येत नाही, मग कशा?

"हाराले लावतो तशा. एक हे, एक ते. सारख्या दोन शेजारी बऱ्या नाही दिसत."

११ एप्रिल

सरांना दिलेल्या अर्जाची नक्कल:

पिशव्या औषध कातडीपार नेतात. रिकाम्या पिशव्यांचा काही पुरावा नाही. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती; फ्रिज मी निवडला, चूक माझी. थिसिस ३० तारखेला होणार नाही. अकोल्याचा पेपर मागे घ्यावा, नाहीतर तिथे मी हे उभी राहून सांगेन. माणिकबाई सोबत येतील. त्यांना आता चालता येते. गुरुवार, १३ एप्रिलपर्यंत लेखी उत्तर द्यावे.