बॉइलचा आठवा डाव

१२ जुलै, संध्याकाळ

१. आमच्या बेसबॉल संघाचा पिचर वेंडेल बॉइल (वय अडतीस, शेवटचा हंगाम) याने सात डावांत एकही हिट (बॅटरला बेसवर पोचवणारा फटका) दिली नाही.
२. असं चाललेलं असताना त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर नजर लागते, ही इथली रीत. मी लाउडस्पीकरवर ‘सात डाव, हिट शून्य’ असं सांगितलं. मी अधिकृत स्कोअरर आहे; माइकही माझ्याकडेच.
३. आठव्या डावात चेंडू आमचा क्षेत्ररक्षक (शॉर्टस्टॉप) टेडी वास्को याच्या बाजूने निसटला. मी एरर, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक, न देता हिट लिहिली.
४. दोन भरकटलेल्या थ्रोंवर तोच बॅटर धाव काढून गेला. आम्ही ०-१ हरलो. बॉइलने दुसरी हिट दिली नाही.
५. प्रेक्षक मैदानाकडे पाठ करून माझ्याकडे बघत होते. कारण अस्पष्ट.

१३ जुलै, सकाळ

डायनरमधल्या नेडीनने कॉफी आदळली. म्हणाली, "एकही चेंडू न टाकता जिंकलेला पिचर, असले विक्रम जमवतेस ना? मग लिही, तोंडाने बुडवलेला सामना!" कॉफी गार होती.

संकल्प: बोलण्याने चेंडू वळत नाही, हे आकड्यांनी सिद्ध करणे. लोक माफी मागतील. शांतपणे स्वीकारावी.

दुपारी टेडी आला. "मॅडम, एरर माझ्या नावावर घाला. तो बॉल माझ्या आजीनेही अडवला असता." आजीची आकडेवारी उपलब्ध नाही, असं सांगितलं. व्हिडिओ तरी बघा, म्हणाला. गरज नाही. मी तिथेच होते.

१४ जुलै

माइकवर कुणीतरी टेप चिकटवली. चांगल्या प्रतीची. ठेवून घेतली.

पार्किंगमध्ये बॉइल. "वीस वर्षं फेकतोय, बाई. एक दिवस मिळाला होता. तेवढा वेळ तोंड मिटून बसवलं नाही तुला?" त्याच्या चेंडूचा वेग कमी झाला आहे, हे निदर्शनास आणलं. "ठाऊक आहे," म्हणाला, "म्हणून तर." आणि गेला. हा मुद्द्याचा प्रतिवाद नव्हे.

१५ जुलै

सिद्ध झालं. तक्ता फाटकावर लावला. संध्याकाळी एकजण तो काढून त्याच्यावर हॉटडॉग ठेवून खात होता.

माझा निर्णय बदलण्याची मुदत दुपारी संपली. बदलण्यासारखं काही नव्हतं.

१६ जुलै, सकाळ

टेडीला खोटं पाडण्यासाठी व्हिडिओ पाहिला. चेंडू सरळ त्याच्या ग्लोव्हमध्ये येतो, आपटतो, बाहेर पडतो. स्वच्छ एरर. माझ्या खुर्चीसमोर खांब आहे. खांब चुकीच्या जागी आहे.

कॉफी करताना लक्षात आलं. एकही हिट न देता हरलेला पिचर. आमच्या लीगमध्ये आजवर एकही नाही. सहा वर्षं मी असल्याच नोंदी शोधते आहे. ही समोर घडली, आणि मीच ती पुसली.

लीगला फोन केला. आता फक्त पिचर अपील करू शकतो.

१७ जुलै

पाठवलेला मजकूर. चौथा मसुदा; आधीच्या तिन्हींत खांब होता.

"मि. बॉइल, आठव्या डावातली हिट ही एरर होती. मला आता नोंद बदलता येत नाही; अपील फक्त तुम्ही करू शकता. केलंत तर सामना हरलेलाच राहील, पण तुमच्या नावावर हिट एकही राहणार नाही. अपील करणार की नाही, ते शुक्रवारी, १९ जुलैला, दुपारी बारापर्यंत कळवा."